गुरुजींच्या आईच्या दगडावरची रेघ

प्रिय मावशी,

तुझ्या भिंगरीचा सलाम घे. तुझा उजवा गुडघा (की डावा? मी निघालो तेव्हा उजवा होता, पण गुडघे बाजू बदलतात असं ऐकून आहे) आता बरा असेल असं धरून चालतो. काकांचा खोकला, शेजारणीचं मांजर आणि परसातला गळका नळ यांचीही आपुलकीने चौकशी करतो. माझी तब्येत झकास. वजन वाढलंय, पण त्यातलं बरंचसं केसांत बसलेली दगडाची पूड आहे. अकरा महिने तुझं पत्र नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. मी आईच्या मातीला आलो नाही. त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. हे पत्र पूर्णपणे दुसऱ्याच एका बाईच्या दगडाबद्दल आहे.

मागच्या खेपेला लिहिलं तेव्हा मी घड्याळजीकडे होतो. ते सुटलं (घड्याळं उघडली की मला आतलं बघत बसावंसं वाटायचं, आणि गिऱ्हाइकाला वेळ हवी असते). मग एका सर्कशीच्या तंबूला ठिगळं लावली. आता थडग्यांचे दगड घडवणाऱ्या एका मालकाकडे आहे, आणि काम मनापासून आवडलंय. लांबलचक शेड आहे. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात पांढरी पूड दिवसभर तरंगत राहते, खाली बसायचं नावच घेत नाही. करवतीवर पाणी ठिबकत असतं. तो आवाज असा आहे की मालक स्वतः उभ्याउभ्या डुलक्या घेतात, आणि हातातली हातोडी मात्र पडू देत नाहीत. याला कसब म्हणतात.

दगडावर ओळ कोरायची आमची पद्धत तुला सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा घोटाळा तिथेच आहे. आधी वरची आडवी रेघ कोरायची आणि मग तिला एकेक अक्षर लटकवायचं. शब्द संपला की रेघ थांबवायची, बोटभर जागा सोडायची, मग पुढच्या शब्दाची रेघ. ही बोटभर जागा लक्षात ठेव. मी ठेवली नाही.

तर आमच्याकडे एक बहीणभाऊ येतात. भाऊ निवृत्त मास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. बहीण निवृत्त नर्स. त्यांची आई एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली, त्याला दीड वर्ष झालं, आणि दगड अजून आमच्याच शेडमध्ये. नाव कोरून झालं, तारखा कोरून झाल्या, तिसऱ्या ओळीवर गाडी अडली. गुरुजींना हवं होतं, ‘पुनरुत्थानापर्यंत झोपली आहे’. नर्सबाईंना हवं होतं, ‘प्रभूजवळ जागी आहे’. गुरुजी म्हणतात, माणूस मेला की गाढ झोपला. शेवटच्या दिवसाची तुतारी वाजेपर्यंत त्याला ना दिसतं, ना ऐकू येतं, आणि डोळे उघडतील तेव्हा मधली हजार वर्षं गेलेली कळणारसुद्धा नाहीत. नर्सबाई म्हणतात, मग वधस्तंभावरच्या त्या चोराला प्रभूने त्याच दिवशी स्वर्गात नेण्याचं वचन दिलं ते काय उगाच? गुरुजी म्हणतात, आणि चार दिवस कबरीत राहून जो प्रभूच्या हाकेने जिवंत बाहेर आला, त्याने तिथलं एक अक्षर तरी सांगितलं का? नर्सबाई म्हणतात, त्याला कुणी विचारलं? तिथे सगळे पुरुषच उभे असणार, पुरुष कधी काही विचारतात का? शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, दोन्हीकडे तथ्य आहे म्हणाले, आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

मी आपला दगड पुसत ऐकत होतो. सकाळी दहा वाजता मी पक्का गुरुजींच्या बाजूचा होतो. आई झोपलेली असेल, तर तिच्या खड्ड्याभोवती कोण उभं होतं आणि कोण नव्हतं, हे तिला कळलेलं नाही. अकराला मी नर्सबाईंकडे गेलो. कारण आई झोपलेली असेल, तर हेही तिला कळलेलं नाही की (निरोप मला वेळेत मिळाला होता, मावशी. मी पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसलो होतो. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. दार उघडून ‘आलास का रे’ म्हणणारं कुणी नाही अशा घरात आधी कुठला पाय टाकायचा, हेच ठरेना. मग तिसरीही गेली). लिहिणार नाही म्हटलं होतं, पण हे कंसात आहे, कंसातलं धरायचं नसतं.

तर परवा दुपारी मालक म्हणाले, तिसरी ओळ सुरू कर, मजकूर संध्याकाळपर्यंत ठरवून घेतो त्यांच्याकडून. मी छिन्नी लावली. पाणी ठिबकत होतं, तिरिपीत पूड तरंगत होती, आणि मी दहा ते अकरा, अकरा ते दहा असा मनातल्या मनात येरझाऱ्या घालत होतो. रेघ मात्र पुढे निघाली होती. छान सुटली होती हातातून. भानावर आलो तेव्हा ती दगडाच्या दुसऱ्या कडेला पोचली होती. सलग दोन फूट! मध्ये कुठे बोटभर सोडा, नखभर जागा नाही. आता तिच्याखाली एकच शब्द बसणार, दोन फूट लांबीचा. मी ‘पुनरुत्थानापर्यंत’ खडूने टांगून पाहिला, तो बिचारा अर्ध्यातच संपला.

अशा वेळी शहाणा माणूस पळून जातो. मलाही सवय आहे. पण पाय जड झाले होते, म्हणून खडू पुसून शेजारच्या कोऱ्या दगडावर जरा विचार करायला आडवा झालो. दगड गार होता. विचार पहिल्या मिनिटातच संपला.

स्वप्नात आई होती. त्याच तिरिपीत बसून चादरीला टीप घालत होती. सुई आणि पूड दोन्ही चमकत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, पाय उन्हात आलेत तुझे, आत घे. आणि त्याच वेळी, जणू शेजारच्या खोलीतून, गुरुजींचा आवाज आला.

“बघ. असा झोपलाय. याला काही कळतंय का?”

“सगळं कळतंय. पापणी हलली बघ त्याची.”

“पापणी कुणाचीही हलते. अहो कारागीर! तुमची अक्षरं कोंबडीने उकरल्यासारखी आहेत! हलला का? नाही हलला.”

“दादा, तुझ्या वर्गात चाळीस वर्षं पोरं अशीच झोपली, आणि सगळी पास झाली.”

मावशी, मला सगळं ऐकू येत होतं. कोंबडीचंसुद्धा. पण डोळे उघडले असते तर आई गेली असती. मी पाय आत घेतले आणि पडून राहिलो. मग नर्सबाई अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “शेवटचे तीन दिवस ती बेशुद्ध होती. मी बोलतच होते तिच्याशी. आयुष्यभरात बोलले नाही ते सगळं बोलले. ऐकलं असेल ना रे तिने?”

गुरुजी म्हणाले, “आपण उठायच्या आधी ती उठायची. आपण झोपल्यावर झोपायची. आता कुठे तिला झोप मिळालीय, बाई. आता तरी तिला कुणी हाका मारू नका.”

इथे मला शिंक आली. (पूड!) नर्सबाईंनी प्रभूचं नाव घेतलं, गुरुजी करवतीच्या टाकीत पडता पडता वाचले, आणि आई गेली. मी उठून बसलो आणि दोघांना रेघ दाखवली. म्हटलं, चूक झाली, दगड वाया गेला, मी निघतो. पिशवीकडे हातही नेला होता.

नर्सबाई रेघेवरून बोट फिरवत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाल्या, “ही आईची दोरी. अंगणातली, कपडे वाळत घालायची. आत्ता येईल बघ बादली घेऊन.” गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “दोरी कुठली? चादरीची कड आहे ही. अशी गळ्यापर्यंत ओढून घ्यायची ती.” आणि खाली काहीही कोरायचं नाही, असं दोघांनी एकदमच सांगितलं. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, आणि ते झाल्याचं लक्षात न येता दोरी की चादर यावर भांडत भांडत दोघं निघून गेली. मालकांनी रेघेवर पट्टी ठेवून डोळा लावला. म्हणाले, चुकलास, पण सरळ चुकलास. काम टिकलं.

असो. कागद संपत आला. काकांना, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि मांजराला सलाम.

तुझाच,
भिंगरी

ता. क. दगड काल बसवला. गुरुजी चवड्यांवर चालत आले. नर्सबाई दगडापाशी बसून गल्लीतल्या बातम्या मोठमोठ्याने सांगू लागल्या. गुरुजींनी जरा वेळ सोसलं, मग ओरडले, “हळू बोल, उठेल ना ती!” नर्सबाई म्हणाल्या, “म्हणजे ऐकू येतं!” तेव्हापासून गुरुजी कुणाशीही बोललेले नाहीत.

आणखी ता. क. आईच्या जागेवर अजून दगड नाही, असं एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून कळलं. जागेची रुंदी तुझ्या वितीने मोजून कळव. (तुझ्या हाताचं माप माझ्या गालाला पाठ आहे.) मी पांढरा दगड बाजूला काढून ठेवलाय, नाव कोरायला घेतलंय. खाली काय लिहायचं ते तू सांगशील तसं. दगड मीच घेऊन येईन, तो कुणाबरोबर पाठवण्यासारखा नाही. दार तू उघडशील का, तेवढं मात्र लिही.

शेवटचं ता. क. रविवारी तिकडे जाशील तेव्हा आईला सांग, भिंगरी येतोय. झोपली असेल तर उठवू नकोस. जागी असेल तर तिला आधीच कळलं असेल. तरी सांग.