आईचा महिना

डोंबिवली, ६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शकूताईस, दगडूचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागदावर लिहितोय. दर एक तारखेला आई घर बदलते. तुझ्या दोन खोल्यांत तिचं प्रेशर एकशे तीस. माझ्याकडे लिफ्ट, एसी, वैशालीच्या हातची गरम भाकरी, तरी एकशे सत्तर. सकाळ-संध्याकाळ मीच मोजतो. शीळफाट्यावर पंक्चर काढत होतो, आज चार टेम्पो आहेत. पण आईच्या बाबतीत तूच पुढे. जळतो मी, लपवत नाही.

काल ती तुला फोनवर कुजबुजत होती, की इथे गोळी घेता येत नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत. कसली गोळी?

आईची थोडी माया इकडेही येऊ दे.

दगडू

वर्तकनगर, ठाणे, ९ फेब्रुवारी

चि. दगडूस जयभीम व अनेक आशीर्वाद.

दिवसातून दोनदा मोजलंस तर माझंही चढेल रे. गोळीचं खरं सांगते. बाबा गेल्यावर आई जेवेना, झोपेना. डॉक्टरांनी मनाची गोळी दिली. तिच्यामुळे मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. ते नुसतं मनाचं नाही, प्रेशरचंही बघतं. मेंदूत एका जागी चढवतं, दुसऱ्या जागी उतरवतं. म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नका, असं त्यांनी बजावलेलं.

तुझ्याकडे आली की आई ती सोडते, हे मलाही त्या फोनवरच कळलं. तुमच्या शेजारच्या सुहासिनीबाई मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा तू जेवताना हसून म्हणालेलास, की बाईचं डोकं फिरलंय. आईने ऐकलं. तुझे कान तिच्यावरच गेलेत.

राग धरू नकोस, जीव लावून राहा.

शकू

डोंबिवली, १४ फेब्रुवारी

ती. ताईस जयभीम.

आईपुढे बसलो, चुकलो म्हणालो. ती म्हणाली, उशिरा का होईना, सुचलं. काल तिला तुमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि प्रेशर आटोक्यात येईपर्यंत तीन महिने एकाच घरी ठेवायला सांगितलं. कुठल्या घरी, ते त्यांनी आईलाच विचारलं. मी शेजारीच उभा होतो. तिने लगेच तुझं नाव घेतलं.

परत येताना गाडीने खोपट ओलांडलं. मग तीच म्हणाली, की तुझ्याकडे नीट राहायचं तर आधी बरं व्हायला हवं. समजूत घालत होती, कळलं मला. तरी बरं वाटलं.

रविवारी सोडायला येतो. पिशवी मीच भरली. एक लुगडं मुद्दाम माझ्या कपाटात ठेवलं. तिने पाहिलं, पण ते काढून घेतलं नाही.

धाकट्यावर लोभ कमी करू नकोस.

दगडू