टाळ्या पडल्या म्हणून

जळगाव,
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्रशीलदादा,

सप्रेम जयभीम. शिल्पावहिनींनाही सांग.

आम्ही दोघं बरे आहोत. आबांचा खोकला गेला, गुडघा तेवढा कुरकुरतो. तेजसची दहावीची परीक्षा सुरू झाली असेल. त्याला म्हणावं, आत्याही या वयात परीक्षा देतेय, तू एकटाच नाहीस.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मी मुद्द्यावर आले की तू "बघू" म्हणतोस आणि नेमकी त्याच वेळी तुमच्या नरडाण्याची रेंज जाते. म्हणून कागद.

दमले आहे रे. दवाखान्यातली ड्यूटी, तिथून जर्मनचा क्लास, मग घरी येऊन भाकरी. मराठीत बोलायचंसुद्धा जिवावर येतं, तिथे जर्मन कुठून बोलणार. क्लासचे सर म्हणाले, "पुस्तकातलं जर्मन कुणी बोलत नाही. तिकडचे विनोदी कार्यक्रम बघा, भाषा आपोआप तोंडात बसेल." म्हणून जेवण झालं की मोबाइल टीव्हीला जोडते. एका कार्यक्रमात सासू, जावई आणि एक आळशी कुत्रा आहे. दुसऱ्यात एक सूटबूटवाला बातम्या सांगायला बसल्यासारखा बसतो आणि सरकारची, लोकांची, सगळ्यांची सालटी काढतो. मी वाक्यावाक्याला थांबवून मोठ्याने म्हणते. आबा शेजारी बसून खुशाल हसतात.

मी विचारलं, "आबा, तुम्हाला काय कळलं?"

"काहीच नही. त्या हासतस म्हनीसन मी हासस."

वहिनींनी तेजसच्या अभ्यासासाठी टीव्ही बंद केला म्हणून ज्या माणसाने पिशवी उचलली आणि दोन वर्षं तुझ्या घराचं नाव काढलं नाही, तो माणूस न कळणारा टीव्ही रोज बघतोय. कोणाचं चुकलं हे मी ठरवत नाही. तू आणि आबा, बापलेक एकाच मापाचे, पडते कोण घेणार?

असो. मागच्या आठवड्यात मुलाखत झाली, मोबाइलवरच. तिकडच्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या आहेत. मुख्य बाई पांढऱ्या केसांच्या, बोलायला मऊ. आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या मागे बसले होते, जणू मला बघायला पाहुणे आलेत.

बाईंनी विचारलं, "आमच्या देशाबद्दल काय आवडतं?" मी वाक्य घोकूनच ठेवलं होतं. त्या सूटवाल्याच्या तोंडचं. मी म्हणाले, "तुमच्याकडे म्हाताऱ्यांची व्यवस्था इतकी चांगली आहे, की मुलांना फक्त नाताळात यावं लागतं, तेही अंगातला कोट न काढता."

बाई गप्प झाल्या. मला वाटलं, व्याकरण चुकलं.

मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुठे ऐकलं?" मी कार्यक्रमाचं नाव सांगितलं. तेव्हा हसल्या, पण डोळे पुसत. म्हणाल्या, तो टोमणा आहे, आणि खरा आहे.

मला कसं कळणार दादा? तो इतक्या गंभीर चेहऱ्याने बोलला आणि समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण लहानपणापासून जयंतीच्या भाषणांना बसलो. वक्ता गंभीर झाला आणि टाळ्या पडल्या, की ते मनापासूनचं. टाळ्या वाजवून लोक स्वतःलाच बोल लावून घेतात, हे मला नवीन होतं.

कॉल संपल्यावर आबांनी विचारलं, "ती माय गप का व्हई गयी?" मी सगळं समजावून सांगितलं. आबा खूप हसले. मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "मंग तू चौदा एप्रिलले येशी ना?"

मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

दादा, आता लपवत नाही. माझी निवड झाली. मी होकार कळवून टाकला आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. या जयंतीला मी नसेन, पुढच्या जयंतीचं माहीत नाही. "जाऊ नको" म्हणू नकोस. मी पस्तिशीची झाले, एकदा तरी आयुष्यात काहीतरी माझं म्हणून व्हावं असं वाटतं. पण बॅग काढली की हात थांबतो.

कारण परवा आबा पुन्हा बोलले, अगदी साधेपणाने, डाळ निवडता निवडता. "तू तिकडे दुसरास्ना मायबापले सांभायशी. आठे बी असं घर शे का? माले तठे ठेवी दे." इथल्या वृद्धाश्रमात, दादा. आणि परत म्हणाले, "प्रशीलले सांगू नको. त्यानं घर ल्हान शे." रागाने बोलले असते तर मीही भांडले असते. ते तुझी काळजी करून बोलले, तिथे मी संपले.

मी तिकडे परक्यांच्या आईवडिलांना हाताने भरवणार आणि त्यांच्या मुलांना मनातल्या मनात नावं ठेवणार. कोणत्या तोंडाने ठेवू?

तेजसचा शेवटचा पेपर झाला की ये. वहिनींनाही आण. त्या आल्या तर अर्धं काम तिथेच होईल. आबांना त्यांच्या हातची शेवभाजी अजून आठवते, फक्त सांगत नाहीत. माफी वगैरे कोणी कोणाची मागू नका, तुम्हाला दोघांनाही ते जमत नाही. म्हणायचं, "आबा, चला." बस. टीव्ही इथला घेऊन जा, तो आबांच्या खोलीत लाव. मी तिकडून विचारेन, आज काय पाहिलं म्हणून.

आणि येण्याआधी फोन करू नकोस. फोनवर आबा "नको" म्हणतील. तू दारात उभा राहिलास तर त्यांच्याने ते म्हणवणार नाही. आणि आलास की, एवढं ऐक, आधी बूट काढ. उभ्या उभ्या आल्यासारखं वाटायला नको.

जयभीम.

आबांना तुझ्या हाती देऊन मगच निघणारी,
प्रज्ञा