परतीची गाडी नसलेला प्रवास

५ जानेवारी १९५८, धुळे
पारोळ्याहून आलं: गुळाची भेली, भरताची वांगी, शेंगदाणे. किंमत काही नाही, टांगेवाल्याला तीन आणे. व्याह्यांकडचं म्हणायला जीभ धजत नाही, अजून व्याही कुठले? मुलाच्या आईचा निरोप सोबत: "आमले पोर पसंत शे. पौष सरना का सुपारी फोडूत. आते शिक्षण बस."
आमच्या लेकीचं, सुमतीचंही पत्र आलं. अमळनेरला आत्याकडे राहून इंटर सायन्स करते. कॉलेजात वादविवाद आहे. रशियाने आकाशात तो गोळा सोडल्यापासून सगळ्यांना हेच वेड. दूरच्या ग्रहावर माणसं वसवायची तर न्यायची कशी? मला विचारते!

८ जाने.
पत्र पुन्हा वाचलं. पोचायला शेकडो वर्षं, म्हणून तीन तऱ्हा. एक, माणसं गारठवून झोपवायची, तिथे उठवायची. दोन, यानच गावाएवढं. वाटेतच संसार, बाळंतपणं, मरणं. उतरतील ती पणतवंडांची पणतवंडं. तीन, नुसतं बीज न्यायचं, तिथे यंत्राने मूल वाढवायचं. सु.च्या वाट्याला दुसरी बाजू.
यांना दाखवलं. "भर सभेत बाळंतपणावर बोलणार? पारोळ्याला कळलं म्हणजे संपलं!"

११ जाने.
पहिल्या तऱ्हेची परीक्षा. सासूबाई काशीला जाताना दह्यात भिजवलेलं फडकं सावलीत वाळवून विरजण म्हणून नेत. तसंच एक वाळत घातलं. दिवाळीतलंही एक डब्यात सापडलं.

१५ जाने.
नव्या फडक्याचं दही लागलं. जुन्याचं दूध नासलं. पावशेर गेलं, जीव हळहळला. झोपवलेल्यांतलं कोण उठेल, कोण नाही, कोणाच्या हाती?
शेजारच्या अक्का बघत होत्या. तिसरी तऱ्हा सांगितली तर म्हणाल्या, "यंत्र काय अंगाई म्हणी?" दुसरी ऐकून मात्र हसल्या नाहीत. "परत येवाले गाडी शे का नही? मंग पोरीस्ले माहेर कसं?"

१६ जाने. एकादशी
जप करताना मन त्या यानात. धान्य, पाणी, सरपण, मी निभावून नेईन. चढणारे आपल्या मर्जीने चढतील. पण वाटेत जन्मतील त्यांचं काय? पृथ्वी पाहिली नाही, ग्रह दिसणार नाही. पुढची पिढी जन्माला घालायची आणि मरायचं. त्यांना कोणी विचारलं?
माळ तिथेच थांबली.
पाहायला आले तेव्हा पोहे सु.ने केले, पसंती त्यांनी सांगितली, होकार हे देणार. माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा अंगावरची हळद उतरली नव्हती. देवा, आणि मी यानातल्यांची काळजी करत बसले.

१९ जाने. अमावास्या
यांनी होकाराचं कार्ड लिहून पुढे ठेवलं. "आज पौष संपला. उद्या पेटीत टाक."
"सुमतीला विचारलं?"
"तिला काय विचारायचं? तुला विचारलं होतं का कोणी?"
"नाही ना विचारलं."
यांनी मान वर करून पाहिलं. नंतर जेवायला बसले. भाकरी एकच घेतली. हात धुताना म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबतो. मग मीच टाकीन." कार्ड कोटाच्या खिशात. दिवा लावला, पण नमस्काराला काय मागावं ते सुचेना.

२० जाने. माघ शु. १
सु.ला पत्र टाकलं. यांना सांगूनच टाकलं. लिहिलं ते असं:
"चि. सुमतीस आशीर्वाद. तुझी बाजू मांड, पण वाटेत जन्मणाऱ्यांना कोण विचारणार, याचं उत्तर तयार ठेव. मला सापडलं नाही. आता दुसरं. पारोळ्याची माणसं चांगली आहेत, घरचं सुख आहे, पण शिक्षण थांबवा म्हणतात. तुला काय हवं? आईला बरं वाटावं म्हणून हो लिहू नकोस, रागाने नाहीही नको. होकाराचं कार्ड वडिलांच्या खिशात आहे, शनिवारी पेटीत पडेल. त्याआधी, तुझ्या अक्षरात, उलट टपाली कळव."