उताराला न्यूट्रल

सोम. ३ नोव्हें.

अण्णा अर्ध्या घाटातून परत आले. तुळजापूरच्या लग्नाच्या लॉनवर भाड्याने ठरलेला आमचा जनरेटर पोचलाच नाही. दुसऱ्या वळणावर क्लच घसरायला लागला, वास, धूर. चाकांना दगड लावून गाडी थांबवली. ट्रॅक्टरवाल्याने जनरेटर खाली आणून दिला. लॉनवाले फोनवर म्हणाले, आजचं लग्न दुसऱ्याकडून निभावतो, तुमचं या महिन्यात काय ते ठरवा.

जुना लहान जनरेटर आमची पिकअप आठ वर्षं ओढत होती. दिवाळीत त्याच्या जागी मोठा आणला, मोठ्या ट्रॉलीसकट. गाडी तीच राहिली. कुणीच विचार केला नाही. मीसुद्धा नाही, आणि घरात मेकॅनिकलची पदवी माझीच आहे.

जेवताना अण्णा: "काय इंजिनियरबाई, तुमच्या कालेजात हे शिकवत न्हाईत व्हय?"

हसत म्हणाले. पण भाकरी अर्धी ठेवली.

मी म्हटलं, मी करते गाडी तयार. बोलून तर बसले.

बुध. ५ नोव्हें.

कारखान्यात दिवसभर उभी. टॉवेलचे काठ बघायचे, धागा सुटला असेल तर बाजूला टाकायचा. चार वर्षं इंजिनं शिकून हे. असो.

सुटल्यावर अक्कलकोट रोडच्या वजनकाट्यावर. अण्णांना ट्रॉली तिथेच आणायला सांगितली होती. रशीद उस्तादही आले. गाडी घेतल्यापासून तिची दुरुस्ती त्यांच्याकडेच. अण्णा म्हणाले, दीड टन असंल. उस्ताद म्हणाले, "पावणेदो. उसके उप्पर नै."

काटा: दोन टन एकशे चाळीस किलो.

दोघंही काट्याकडे असे बघायला लागले, जणू काटाच बिघडलाय.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. म्हणजे घाट उतरताना दोन टन मागून ढकलणार, आणि धरायला फक्त पिकअपचे ब्रेक. अण्णांना चढाची काळजी आहे. मला सारखा तो उतार दिसतोय.

शनि. ८ नोव्हें.

उस्तादांच्या गॅरेजवर. त्यांचं ठरलेलं होतं. "पंप का स्क्रू आधा घुमाता. जादा डिझेल, जादा ताकद. हत्ती हो जाएगी."

मी नाही म्हटलं. ताकद आहे तीच क्लचमधून निसटतेय, वाढवून जाणार कुठे? इंजिन तापेल, काळा धूर ओकेल, मागून येणाऱ्यांच्या तोंडावर.

"तेरी मर्जी. पन किताब से गाडी नै चढती, बेटी."

अण्णा मधे पडले नाहीत. नुसते बघत होते, कोण जिंकतंय ते.

शेवटी ठरलं ते असं. क्लच प्लेट भारी घालायची. रेडिएटर उघडून साफ. मागच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवायचा, म्हणजे गाडी बसणार नाही. आणि ट्रॉलीला ब्रेक. ब्रेकवर उस्ताद हसले. "ट्रॉली को बिरेक? उसमें डायवर कौन बैठेगा?"

मंगळ. ११ नोव्हें.

अर्धा दिवस रजा टाकली. सुपरवायझरचा चेहरा.

गाडीखाली झोपून बघितलं तर ओढायचा हूक नुसता बंपरला वेल्डिंग केलेला. आठ वर्षं.

अण्णा: "आट वर्सं निघालं की."

"निघालं म्हणून बरोबर होतं का अण्णा?"

"निघालं म्हंजी निघालं."

कापून काढला. चेसिसच्या दोन्ही बाजूंना धरून जाड पट्टी बोल्टने बसवली, त्यावर नवा हूक, शिवाय तो सुटलाच तर म्हणून साखळी. तीन तास. मान आखडलीय. आईने हळद लावून दिली.

शुक्र. १४ नोव्हें.

आरटीओत गेले होते. गाडीत एवढे बदल करतोय, कागदावर काय काय लागतं ते विचारायला. तीन खिडक्या झाल्या. शेवटच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आपणहून विचारायला आलेली तू पहिलीच." चेष्टा नव्हती त्यात. कागदांची नावं लिहून दिली. त्यांचं अक्षर सुंदर आहे.

सोम. १७ नोव्हें.

ट्रॉलीचा ब्रेक झाला! जुन्या बाजारात ब्रेकचे ड्रम असलेला आख मिळाला. पुढचा दांडा सरकता केला. पिकअप थांबायला लागली की ट्रॉली पुढे सरकते, आणि त्या सरकण्यानेच तिचा ब्रेक दाबला जातो. ड्रायव्हर लागत नाही.

उस्तादांनी दांडा हाताने आठ-दहा वेळा ढकलून बघितला. चाक धरतंय, सोडतंय. मग लांब जाऊन बिडी पेटवून परत आले आणि अजून एकदा ढकलला.

"हुशार चीज है ये."

अण्णा: "म्हंजी ती आपली आपन थांबती?"

"व्हय," मी म्हटलं. कॉलेजात गेल्यापासून माझं व्हय सुटलं होतं. आज आपोआप आलं.

शुक्र. २१ नोव्हें.

नखातलं ग्रीस निघत नाही. आज पांढऱ्या टॉवेलवर माझी चार बोटं उमटली. सुपरवायझरने तो सगळ्यांना उंच धरून दाखवला. "हे बघा, आपल्या मॅडमचं डिझाईन." बाया हसल्या. मीही हसले. मग संडासात जाऊन पाच मिनिटं उभी राहिले.

आई: "शिकून बी काळंच त्याल लागायचं हुतं हाताला, तर मंग..."

थकलेय. पण गाडी तयार आहे. परवा रविवार, मी जाणार बरोबर. अण्णा आधी नाही म्हणाले. आजवर अण्णांच्या शेजारच्या सीटवर वायरमन बसत आला, मी कधीच नाही. शेवटी, "चल. पन मधी-मधी शिकवू नगंस."

रवि. २३ नोव्हें.

क्रमाने लिहिते.

चढ: काहीही झालं नाही. क्लच धरून होता, इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावर, मागे ट्रॉली शहाण्यासारखी. जिथे दगड लावले होते ते वळण आलं तेव्हा अण्णांनी हॉर्न वाजवला, उगीच. वर टपरीवर चहा घेताना टपरीवाल्याला म्हणाले, "ही पोरगी हाय माजी. गाडी हिनं केली." तो म्हणाला, म्हंजे? अण्णा म्हणाले, "म्हंजी हिनं केली की." इतकं बरं वाटलं मला.

जनरेटर लावला, दुपारचं लग्न झालं, चारला परत निघालो.

घाटाच्या तोंडाशी अण्णांनी तळव्याने गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये ढकलला. इतक्या सहज, घरात शिरताना चप्पल काढतात तसं.

"अण्णा, गिअर..."

"हितनं खालपत्तुर डिझेल लागत न्हाय. बस निवांत."

गाडी पळायला लागली. अण्णांचा पाय ब्रेकवर, सोडतात, दाबतात, सोडतात. मागून ट्रॉली ढकलतेय, तिचाही ब्रेक घासतोय. तिसऱ्या वळणावर वास. मग अण्णांचा पाय खोल गेला. एकदा. दोनदा. पेडल मऊ पडलं होतं, ब्रेक धरेना. मी ओरडले, सेकंड टाका. गिअर करकरला, पडेना. मग पडला. गाडीला हिसका बसला, माझं कपाळ काचेला लागलं. डोंगराच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे थांबलो.

ट्रॉलीच्या ड्रममधून धूर येत होता. जवळ हात नेववेना.

धूर ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "त्या ट्रॉलीला बिरेक लावलास म्हनून वास आला. आदी कदी आला न्हवता."

तासभर थांबून, मग सेकंडमध्ये हळूहळू उतरलो.

सोम. २४ नोव्हें.

कामावर गेले. कपाळावर टेंगूळ. दार लागलं म्हणून सांगितलं.

वजन केलं, क्लच मोजला, हूक, पाटे, सगळं वहीत. ड्रायव्हर उताराला काय करतो, हे विचारलंच नाही. धरूनच चालले की गाडी गिअरमध्ये असणार. पुस्तकात असते.

आणि एक. दुरुस्तीआधी गाडी तो जड जनरेटर घेऊन वर पोचलीच नसती. वर नेलं मी. म्हणून खाली येणं आलं.

संध्याकाळी बोलायला गेले. शांत बोलायचं ठरवलं होतं. इंजिन धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये धरायला कुणी नसतं, सगळा भार ब्रेकवर येतो. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "तीस वर्सं झाली मला. माज्या पायाला ठावं हाय." माझा तोल गेला. म्हटलं, घाटात न्यूट्रलने तुमचं एक थेंब डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये पाय काढला की पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रलमध्ये उलट जळतं. तीस वर्षं उगीच.

अण्णा उठून बाहेर गेले.

बुध. २६ नोव्हें.

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत. "तिला म्हनावं, स्कुटीत हवा कमी हाय."

भाजी निवडताना आईने सांगितलं. आपली गाडी नव्हती तेव्हा अण्णा शेठच्या ट्रकवर होते. शेठ फेरीला डिझेल मोजून द्यायचा. वाचेल ते ड्रायव्हरचं. अण्णा उतार दिसला की न्यूट्रल करायचे, वाचलेलं निळ्या कॅनमध्ये आणायचे आणि गावाकडं करकंबला शेतात पाण्याचं इंजिन असणाऱ्यांना विकायचे. "तुजी शाळेची पुस्तकं त्याच्यातनं हुती. कालेजचा पयला ड्रेस बी. तुला म्हाईत असंल वाटलं."

मला माहीत नव्हतं. तो कॅन मोरीत आहे अजून. त्यात आई पाणी भरते.

त्यांना म्हटलं, तीस वर्षं उगीच.

कॅन तर भरत होता. घाटात नाही भरणार. पण लांबच लांब मंद उतारांवर, पंढरपूर रस्त्याला वगैरे, गाडी मैलभर नुसती पळत असेल. तिथे वाचलं असेल. हे त्यांना सांगायला हवं. कसं सांगू?

शनि. २९ नोव्हें.

ब्रेक लायनर बदलायला उस्तादांकडे. जुन्या लायनरचा हातात भुगा झाला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं सगळं.

"मैं भी न्यूट्रलच मारता था, बेटी. सबच मारते. तेरे अब्बा को समजता है. पन तू बोली ना, इसलिए नै मानेंगा. मैं बोलूँ?"

नको म्हटलं. माझं मलाच बोलू दे.

निघताना उस्तादांनी एक शिकवलं: आधी ड्रमवर मेणाच्या खडूची रेघ ओढायची, गाडी उतरून आल्यावर ती बघायची. गाडी गिअरमध्ये आली तर रेघ राहते. ब्रेकवर आली तर वितळून ओघळते. जुनी युक्ती आहे म्हणे.

घरी आल्यावर अण्णांसमोर जाऊन बसले. लांब उतारांचं सांगितलं, तिथे तुमचं डिझेल खरंच वाचत होतं म्हणून. घाट तेवढा वेगळा. अण्णा टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, "आईनं सांगितलं व्हय तुला."

"व्हय."

"बोलती लई ती."

एवढंच.

मंगळ. २ डिसें.

आज लॉनवाल्यांचं मोठं लग्न. अण्णा सकाळी निघाले, उद्या दुपारी परत. मला सुट्टी नाही. मागायला तोंडही नाही.

निघायच्या आधी ट्रॉलीच्या दोन्ही ड्रमवर पिवळी रेघ ओढली. अण्णा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"हे काय?"

खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, "ब्रेक किती तापतो ते कळतं."

"म्हंजी मी कसा उतरलो ते कळतं."

"व्हय."

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, घडी बदलली, परत ठेवला. गाडी काढली. कोपऱ्यावर वळताना नेहमीचा हॉर्न नाही.

आपल्याच बापाची परीक्षा घेतली मी. दिवसभर टॉवेलचे काठ बघताना तेच डोक्यात. तरी पुसली नसती ती रेघ.

बुध. ३ डिसें.

दुपारपासून तीन फोन केले. उचलला नाही. सुटल्यावर स्कुटी कशी चालवली आठवत नाही.

गाडी दारात होती. ट्रॉलीसकट, धड.

आणि धुतलेली. चाकांपर्यंत. अण्णा काच पुसतात, कधीतरी बोनेट. चाकं आजवर धुतली नाहीत त्यांनी. दोन्ही ड्रम ओले, घासून स्वच्छ. पिवळं काही नाही. वितळलेलंही नाही, राहिलेलंही नाही. बाजूला निळा कॅन, रिकामा.

अण्णा उंबऱ्यात चहा पीत होते. मी ड्रमवर हात ठेवला. गार. पाण्याने गार की तसाच, काय कळणार.

"लई घान झालती," अण्णा म्हणाले.

मी ओला हात ओढणीला पुसला.

"कालेजात लायसन काडलंतंस की तू."

"काढलंय. पण चालवली कुठे आहे?"

"रविवारी लॉनवाल्याचं परत हाय. चड मी घीन." बशीतला चहा संपवला. "उतार तू घे. बगू तुजं बी."

आई आतून म्हणाली, "काय बी बोलता!"

अण्णा रागात होते की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. मी विचारलं, खरंच म्हणताय का?

"न्हाय जमायचं का?" म्हणाले, आणि कॅन उचलून मोरीत ठेवायला गेले.