समोरून वाचणाऱ्या नातीची फेरचाचणी घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
बालवर्ग प्रवेश कक्ष,
दुसरा मजला, जिन्याशेजारील खोली.

विषय: अर्जदाराच्या नातीस वाचता येते, फक्त समोरून येते, सबब फेरचाचणी मिळणेबाबत.
संदर्भ: १) सोमवारचा चाचणी-शेरा. २) काल आपल्या टेबलाशी घडलेला प्रकार.

महोदया,

अर्जदार घड्याळे दुरुस्त करतो, अर्ज लिहिणे हा त्याचा धंदा नव्हे. तरी हा कागद शेवटपर्यंत वाचावा, मध्येच शेरा मारू नये, ही पहिली विनंती.

१. अर्जदाराची नात पाच वर्षांची असून घरात तिला भिंगरी म्हणतात. तिची आई, म्हणजे अर्जदाराची सून, कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर असते. त्यामुळे भिंगरी दिवसभर दुकानात. दुकान इतके अरुंद की टेबलामागे एकच खुर्ची मावते. भिंगरी समोर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. हातात काम नसले की अर्जदार गोष्टीचे पुस्तक स्वतःपुढे उघडून, चिमट्याच्या टोकाने एकेक अक्षर दाखवत तिला वाचून दाखवी. दोन वर्षे हा क्रम चालला. पोर घडाघडा वाचू लागली आणि अर्जदाराची छाती फुगली. तिला प्रत्येक अक्षर डोके खाली, पाय वर असेच ठाऊक आहे, हे मात्र आयुष्यभर भिंग लावून बसलेल्या या माणसाच्या ध्यानात आले नाही.

२. सोमवारी चाचणी घेणाऱ्या बाईंनी तिच्या हाती पुस्तक दिले. तिने ते फिरवले. बाईंनी सरळ केले, तिने पुन्हा फिरवले. चार वेळा असे झाल्यावर 'पुस्तक धरता येत नाही' असा शेरा पडला. घरी विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाईंना दिसायला नको का?" पुस्तकाचे तोंड नेहमी मोठ्या माणसाकडे असते, असा तिचा समज आहे. बाईंचा दोष नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. चूक आजोबाची आणि वर्ष वाया जाणार नातीचे.

३. तेव्हापासून अर्जदाराचे बूड एका जागी टेकत नाही. प्रवेश शुक्रवारी बंद होतात, आणि दुकानातली झाडून सगळी घड्याळे शुक्रवारकडेच धावत आहेत. तिला शेजारी बसवायला टेबल पुढे ओढून पाहिले, तर दुकानाचे दार लागेना. नातीला मांडीवर घेतले, तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही पुस्तक उलटं धरलंय." याच तंद्रीत एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची तबकडी बाराचा आकडा खाली ठेवून बसवली गेली. गिऱ्हाईक तडकले. भिंगरीने मात्र वेळ अचूक सांगितली. सून म्हणते, "बाबा, आता तुम्ही तरी सरळ वागा." अर्जदार प्रयत्नात आहे.

४. आता कालचे. अर्जदार आपल्यापुढे गयावया करीत असता आपण नातीचा कागद काढला, त्यावर एक ओळ लिहिली आणि तो तसाच उघडा ठेवलात. समोरच्याला काय कळणार, असे आपणास वाटले असावे. अर्जदाराला खरोखरच कळले नाही. भिंगरी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून उभी होती. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर थांबून तिने विचारले, "'मूल अजून तयार नाही.' आजोबा, मूल म्हणजे मी का?"

५. आपण तीच ओळ लिहिली होती का, हे कृपया कागद काढून ताडून पाहावे. नातीचा प्रश्न ऐकल्यापासून अर्जदाराला फार वाईट वाटते आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

सबब विनंती की, शुक्रवारच्या आत फेरचाचणी घ्यावी. पुस्तक बाईंनी स्वतःपुढे ठेवावे, नातीला समोर बसवावे. सरळ बाजूने वाचायला ती शाळेत शिकेल. शाळा त्यासाठीच असते. आणि ती ओळ आपण तिच्यादेखत खोडावी. खोडून जे नवे लिहाल ते तिला दाखवायला कागद फिरवू नये. ती समोरून वाचेल.

आपला नम्र आणि सकाळपासून जिन्यात येरझाऱ्या घालणारा,
(सही)
घड्याळवाले आजोबा
बुधवार, कार्यालय उघडण्याची वेळ

सोबत:
१) गोष्टीचे पुस्तक, चिमट्याच्या टोकाने जागोजागी टोचलेले.
२) नात. बाहेर बाकावर बसवली आहे.