दारावर लिहिलं होतं ‘ढकला’

३ मार्च, मंगळवार

नवा माणूस आला. मंगळवारच्या बैठकीला आता आम्ही आठ जण — सगळे फौजेतले, सगळे तुरुंगातून सुटलेले. समुपदेशक बाई खुर्च्या गोल मांडतात आणि पाच मिनिटांत त्या सगळ्या भिंतीला लागतात. पाठीमागे कोणी असलेलं आम्हाला चालत नाही. बाईंनी आता गोलाचा नाद सोडलाय.

नवा फौजेत नकाशे काढायचा. म्हणून त्याला नकाशा म्हणायला लागलो. नऊ वर्षं आत होता. कशासाठी, ते विचारायचं नाही हा आमचा नियम, पण मला भयंकर उत्सुकता! बाईंनी त्याला माझ्या हवाली केलं. “तुम्ही त्याचे सोबती. बरोबर राहायचं, त्याचं काम करून द्यायचं नाही. त्याचं त्याला करू द्या.” मला सुटून सहा वर्षं झाली, म्हणजे मी अनुभवी. मनातल्या मनात छाती जरा फुगलीच.

५ मार्च

नकाशाच्या खोलीवर गेलो. पांघरुणाची घडी इतकी चौकोनी की कोपऱ्याला बोट कापावं. गप्पा मारता मारता सहा वाजले आणि हा उठून पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभा! काय झालं विचारलं, तर म्हणाला, “हजेरी.” मग स्वतःच हसला. सुटून बारा दिवस झाले, संध्याकाळची हजेरी काही सुटत नाही.

निघताना दाराशी बराच वेळ बोलत उभे होतो. वाऱ्यानं दार लागलं होतं. शेवटी घरमालकीण बाहेरून डोकावली, तेव्हा निघालो.

७ मार्च

त्याला एक लेक आहे. तो आत गेला तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचं पत्र आलंय — पंधरा तारीख, रविवार, चार वाजता, तिच्या कामाजवळच्या कॉफीच्या दुकानात. अर्धा तास. ‘पुढचं पुढे बघू,’ असं लिहिलंय.

यानं लगेच कागद काढून दुकानापर्यंतचे तीन रस्ते आखले. पावलांचे आकडे टाकले. झाडं, खांब, एक मोडकं बाक — सगळं आहे त्यात.

“ती आली नाही तर?” मी विचारलं.

“ती येईल, उस्ताद. मीच नाही पोचलो तर?”

मी गॅरेजात काम करतो म्हणून उस्ताद. ऐकायला बरं वाटतं.

१० मार्च

शोध लागला! नकाशा दार उघडत नाही.

खिळे घ्यायला गेलो होतो. दुकानाचं दार नुसतं लोटलेलं. हा समोर जाऊन उभा राहिला, टाचा जुळवून, नाक दारापासून वीतभर. तुरुंगात दारं आपण उघडायची नसतात, कोणीतरी येऊन उघडतं — ते अंगात मुरलंय बिचाऱ्याच्या. मी बाईंचं वाक्य आठवलं आणि गप्प राहिलो. दुकानदारानं आतून उघडलं, मग गेलो आत.

घरी ताईला सांगितलं. ताई माझ्या पावलांचा आवाज ओळखते, बेल वाजवायच्या आत दार उघडते. माझं ऐकून ती नुसती बघतच राहिली. मग भाजी करपेल म्हणून आत गेली.

१२ मार्च

दिवसभर काम. आमची शेड तिन्ही बाजूंनी उघडी आहे. दुसरीकडे मला करमतच नाही.

१४ मार्च

नकाशानं एकच शर्ट तीनदा इस्त्री केला. विचारत होता, “उस्ताद, तुमच्या सवयी जायला किती दिवस लागले?”

“सहा महिने. फार तर.” दिलं ठोकून.

१५ मार्च, रविवार

वाईट झालं.

चाराला दहा कमी असताना पोचलो. काचेचं दार, त्यावर ठळक अक्षरात ‘ढकला’. काचेवर ऊन, त्यामुळे तिच्यात आमचीच थोबाडं दिसत होती. आत लेक येऊन बसली असणार हे दोघांनाही माहीत होतं. नकाशा दारासमोर उभा राहिला. मी त्याच्या शेजारी.

मनात म्हणत होतो, ढकल रे बाबा, नुसता हात लाव! पण बोललो नाही. नियम म्हणजे नियम. तीन-चार गिऱ्हाइकं आली-गेली. आम्ही बाजूला सरून त्यांना वाट दिली आणि दार लागलं की पुन्हा जागेवर.

साडेचार वाजून गेले. वेटर फडकं घेऊन बाहेर आला. “ती मुलगी बसली होती, ती आत्ता बाजूच्या दारानं गेली.”

नकाशानं मान हलवली.

१७ मार्च, मंगळवार

बैठकीला आला नाही. खोलीवर गेलो तर पिशवी भरलेली. “कुठे निघालास?” तर म्हणे, “कुठेही. तिला वाटणार, बाप आलाच नाही. आत होतो तेव्हा निदान न येण्याला कारण होतं.”

तिथेच बसलो आणि त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं. सजवू नकोस म्हटलं, जे झालं ते लिही. हजेरीचं लिही, दाराचं लिही. लाज वाटली त्याला, पण लिहिलं. मग मी पिशवी रिकामी केली. नियम गेला खड्ड्यात.

२१ मार्च, शनिवार

उत्तर आलं! नकाशा धावत शेडमध्ये आला, कागद माझ्या तेलकट हातात कोंबला. उद्या चार वाजता ती दुकानाबाहेरच्या बाकावर बसणार आहे. ‘आतून तुम्ही दिसत होतात, बाबा. मला वाटलं तुमचं मन होत नाहीये. म्हणून मी उठले नाही. चुकलं माझं.’ नकाशा रडत होता. मीही.

खाली एक ओळ होती. ‘तुमचं कळलं. पण शेजारचे काका कशाची वाट बघत होते?’

घरी आलो. ताईनं दार उघडलं. तिला विचारलं — मी सुटून आल्यापासून एखादं दार मी स्वतः उघडल्याचं तुला आठवतंय?

ती बराच वेळ आठवत राहिली.