उखाण्याशिवाय घेतलेलं नाव

हर्णै, आषाढ वद्य पंचमी

गिरिधरच्या बाबांना सगुणेचा नमस्कार.

मावशीकडची हवा मला मानवली, खोकला बिलकुल गेला. पण पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून नारळी पुनवेपर्यंत हितंच अडकले. काळजी करू नका.

दर्याकाठी आता चिटपाखरू न्हाई. होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकल्यात. ओल्या वाळूवर माझ्या एकटीचीच पावलं उमटतात. लई देखणं दिसतं, पण दाखवू कुणाला?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी बहीण तारा घर बराबर सांभाळून राह्यली, बरं झालं. पण ताराचे धपाटे माझ्यापेक्षा चवदार, हे लिहायची काय गरज होती? गिरिधर तिच्याच कुशीत निजतो का? माझी आठवण काढतो का?

अन् तारा थट्टेत तुम्हाला नावानं हाक मारते, हेही तुम्ही खुशीनं लिहिलंत.

काल मी एकटीच दर्यावर गेल्ते. कुणी नव्हतं, म्हणून तुमचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय, मोठ्यानं. मंग लाजून मागं बघितलं, तर नुसती वाळू.

ताराला सांगा, दाजीच म्हण. ते नाव माझ्या हक्काचं आहे, अन् लग्नाच्या सात वर्षांत मी ते उखाण्याशिवाय एकदाच घेतलंय.

तुमचीच,
सगुणा